मंदिर म्हणजे ‘मन अंदर’? पूजेतल्या शब्दांविषयी थोडं सविस्तर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. ऐरोलीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत आहे, फॅमिली ग्रुपवर धार्मिक शब्दांच्या अर्थाची एक यादी फिरतेय, त्यात मंदिर म्हणजे मन अंदर, भगवान म्हणजे भूमी-गगन-वायू-अग्नी-नीर, उपवास म्हणजे देवाजवळ राहणं, आरती म्हणजे आर्त हाक असं सगळं आहे आणि हे खरं का असं तुम्ही विचारलंय. शिवाय पूजेत जे शब्द कानावर पडतील त्यांचा अर्थ मुलांना आधी सांगायचाय, आणि मिस्टर स्वतःला नास्तिक म्हणवतात तर त्यांनी पाटावर बसावं का, हेही. मी ठाणे-नवी मुंबईत बरीच वर्षं पौरोहित्य करतोय, त्याआधी संस्कृत आणि प्राकृत शिकलो, शिकवलंही, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. उत्तर लांबणार, सवडीने वाचा.

आधी यादीतलं सरळ चुकीचं ते सांगतो. मंदिर हा जुना संस्कृत शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ नुसतं ‘घर’. अमरकोशात, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या समानार्थी शब्दांच्या कोशात, घराला जे समानार्थी शब्द दिलेत, सदन, भवन, आगार वगैरे, त्याच ओळीत मंदिर आहे. देवाचं घर हा अर्थ नंतर पक्का झाला, आणि जुना अर्थ आजही विद्यामंदिर, नाट्यमंदिर यात शिल्लक आहे. ‘अंदर’ हा तर फारसीतून आलेला शब्द, त्याचं संस्कृतातलं भावंड म्हणजे ‘अंतर्’. फारसी शब्द इकडे यायच्या कितीतरी आधी ‘मंदिर’ वापरात होतं, मग ते ‘मन अंदर’वरून बनेल कसं?

भगवानचंही तसंच. यातला ‘वान’ हा प्रत्यय आहे, धनवान, गुणवान, बलवान यात आहे तोच. गुणवानचं स्त्रीलिंग गुणवती, तसं भगवानचं भगवती. आता पाच अक्षरांची पाच तत्त्वं म्हणणाऱ्यांना विचारा की भगवती म्हटलं की ते ‘नीर’ कुठे गेलं, देवीत पाणी नाही का? उरतो ‘भग’, म्हणजे वाटा, भाग्य, ऐश्वर्य. वेदात भग नावाचा देवच आहे, ज्याचा त्याला वाटा देणारा. मूळ धातू भज्, म्हणजे वाटणं, वाट्याला येणं, वाटेकरी होणं. भाग, भाग्य, विभागणी, भजन, भक्ती, भक्त सगळं याच एका धातूचं कुटुंब.

आणि ताई, याच कुटुंबातला एक शब्द आपल्या ताटात रोज असतो. भात! संस्कृतात ‘भक्त’ या शब्दाचा एक अर्थ आहे वाट्याला आलेलं अन्न, शिजवलेला तांदूळ. भक्त, प्राकृतात (संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या जुन्या बोलभाषांत) भत्त, मराठीत भात. सप्त-सत्त-सात झालं, अगदी त्याच नियमाने. देवाचा भक्त आणि पानातला भात हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, दोघांच्या मुळाशी वाटून घेणं आहे. मला स्वतःला ही गोष्ट त्या पंचतत्त्वांच्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी मोठी वाटते, आणि हिला पुरावा आहे, मधली प्राकृत पायरी आहे, सगळीकडे लागू पडणारा नियम आहे. शब्द तपासायचा तो असा. देऊळ घ्या. देवकुल, देउल, देऊळ. कोणी म्हणेल जुळवलंय, तर शेजारी राजकुल, राउल, राऊळ आहे की. एकाच प्रकारचे दोन शब्द एकाच वाटेने येतात तेव्हा त्या वाटेवर विश्वास ठेवायला हरकत नसते.

पण म्हणून गुरु म्हणजे ‘गु’ अंधार आणि ‘रु’ त्याचा नाश करणारा, हे जे सांगतात ते फेकून द्यायचं का? नाही, इथे थोडं थांबून समजून घ्या. आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी चालत आल्यात. एक व्युत्पत्ती, म्हणजे शब्द खरोखर कुठून, कसा आला. दुसरं निर्वचन, म्हणजे शब्दात अर्थ उलगडून बघणं, चिंतनासाठी. यास्क या प्राचीन पंडिताचा वैदिक शब्दांवरचा निरुक्त हा ग्रंथ या दुसऱ्या परंपरेचं मोठं काम आहे, तिथे अर्थ आधी धरून शब्दाकडे बघायचं असतं. गुरु शब्दाचा भाषेतला अर्थ ‘जड, वजनदार’ हाच आहे, म्हणून तर गुरुत्वाकर्षण. ज्याच्या शब्दाला वजन तो गुरु. अंधार घालवणारा हे निर्वचन आहे, सुंदर आहे, जुन्या ग्रंथांतलं आहे, ध्यानाला बसताना जरूर मनात आणा, फक्त मुलांना ते शब्दाचा इतिहास म्हणून सांगू नका. ‘मन अंदर’ मात्र यातलं काहीच नाही, ना इतिहास ना परंपरा.

आता तुमच्या वास्तुशांतीकडे येऊ. ‘वास्तु’ हा वस् धातूचा, वसणं, वस्ती, निवास, रहिवासी सगळं तिथलंच. ऋग्वेदात वास्तोष्पती म्हणून घराच्या जागेचा पालक देव आहे, त्याची सूक्तं आहेत, तुमच्याकडेही त्यातले मंत्र म्हटले जातील. आणि गंमत बघा, ‘उपवास’ हाही याच वस् धातूचा, अमावास्याही (अमा म्हणजे एकत्र, सूर्य-चंद्र एकत्र राहतात ती रात्र). उपवास म्हणजे ‘जवळ राहणं’ हे यादीत बरोबर आहे, पण कोण कोणाजवळ राहतं ते उलटं दिलंय. शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींवरच्या वैदिक ग्रंथात याचा खुलासा अगदी सुरुवातीलाच आहे. उद्या यज्ञ करायचा म्हणून माणसाने आज व्रत घेतलं की देवांना ते कळतं, ते त्याच्या घरी येतात आणि रात्री त्याच्याजवळ मुक्कामाला राहतात, म्हणून त्या दिवसाला उपवसथ म्हणायचं. मग पुढचा मुद्दा येतो की घरात पाहुणे आलेत आणि ते जेवायच्या आधी यजमान जेवला तर ते बरं दिसत नाही, मग देव आलेले असताना कसा जेवेल? यातून उपाशी राहणं आलं. उपवास हा शरीराला शिक्षा म्हणून नाही, पाहुणा आधी जेवू दे म्हणून आहे. बौद्धांचा उपोसथ हाही हाच शब्द. मला पौरोहित्यात इतकी वर्षं होऊनही हा उतारा वाचला की भरून येतं, कारण आपल्या घरी अजून हेच चालतं, पूजा होऊन नैवेद्य दाखवेपर्यंत घरधनी जेवत नाहीत. मुलांना हे सांगा, त्यांना लगेच कळेल.

(साबुदाण्याचा आणि ‘उपवास’ शब्दाचा काही संबंध नाही, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं. खिचडी खा, पण प्राचीन म्हणून नको.)

‘यजमान’ या शब्दावर मी नेहमी जास्त वेळ घालवतो. आपण आज यजमान म्हणजे पाहुण्यांना बोलावणारा किंवा बायका नवऱ्याला ‘आमचे यजमान’ म्हणतात तो, असं समजतो. मूळ अर्थ यज्ञ करणारा, पण कसा करणारा? संस्कृतात एकच यज् धातू दोन प्रकारे चालतो, यजति आणि यजते. संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी, त्याचा नियम आहे की क्रियेचं फळ करणाऱ्यालाच मिळणार असेल तर ‘यजते’ म्हणायचं. म्हणजे गुरुजी दुसऱ्यासाठी यज्ञ करतात तेव्हा ‘यजति’, आणि ज्याच्या घरचं कार्य, ज्याला फळ मिळणार तो ‘यजते’. यजमान हे या यजतेचं रूप आहे. आता विचार करा, पूजेला बसून फोन बघायचा, गुरुजींनी सांगितलं की पळी उचलायची, फूल वाहायचं आणि परत फोन, यात यजमान कुठे राहिला? कार्य तुमचं आहे हे व्याकरणच सांगतंय. मी तरी पूजा सुरू करताना हे सांगतो, बरेच जण फोन बाजूला ठेवतात.

पुरोहित म्हणजे पुढे ठेवलेला, पुरः अधिक हित, ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत अग्नीला पुरोहित म्हटलंय. भटजीतला भट हा भट्ट, तो भर्तृ म्हणजे स्वामी यावरून आलेला आदराचा शब्द. उपाध्याय झिजून उपाध्ये, पाध्ये झाला. आणि अक्षता म्हणजे अ-क्षत, न मोडलेले तांदूळ, म्हणून कणी घेत नाहीत, दुकानातून आणाल तेव्हा आख्खा तांदूळ बघून घ्या.

संकल्पाबद्दल. पाणी सोडताना गुरुजी भराभर जे म्हणतात त्यात भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा तीर, शालिवाहन शक, संवत्सर, महिना, तिथी, नक्षत्र आणि मग तुमचं गोत्र-नाव असं सगळं येतं. म्हणजे मी कोण, या क्षणी कुठे आहे, आणि काय करायचं ठरवलंय, हे जाहीर करणं. अर्थसंकल्प शब्द तिथूनच घेतलाय. भराभर म्हटलं की तो गूढ मंत्र वाटतो, सावकाश म्हटलं तर आठवीतल्या मुलालाही अर्धा कळतो.

आता मिस्टरांचं. नास्तिक म्हणजे देव न मानणारा हा आजचा अर्थ झाला. पाणिनी ‘अस्ति’ म्हणजे आहे आणि ‘नास्ति’ म्हणजे नाही, अशी ज्याची मती तो आस्तिक आणि नास्तिक, इतकंच सांगतो, आणि त्याचे भाष्यकार खुलासा करतात की काय आहे किंवा नाही, तर परलोक. मनुस्मृतीत अर्थ बदलतो, नास्तिक म्हणजे वेदाची निंदा करणारा. मीमांसक हे यज्ञाचे सगळ्यात कट्टर पुरस्कर्ते, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना लागत नाही, तरी त्यांची गणना आस्तिकांत. म्हणजे शब्दाच्या हिशोबाने ईश्वर न मानणारा माणूस पाटावर बसू शकतो, पण ताई, माझं मत विचाराल तर शब्दाचा आधार घेऊन त्यांना बसवू नका. संकल्प म्हणजे मी ठरवलंय असं म्हणणं, ते मनात नसताना वदवून घेणं मला पटत नाही. त्यांना नसेल बसायचं तर तुम्ही बसा आणि तुमच्या नावाने संकल्प करा. मी असं करतो, ज्यांची हरकत असते त्यांना शांतपणे समजावतो.

नैवेद्य आणि प्रसाद यात लोक गल्लत करतात. नैवेद्य म्हणजे निवेदन करायची वस्तू, आपण पालिकेला निवेदन देतो, कार्यक्रमात निवेदक असतो, तोच शब्द, समोर मांडणं. देवापुढे मांडलं तोवर नैवेद्य, परत आपल्या हातात आलं की प्रसाद. पण प्रसाद शब्दाचा मूळ अर्थ खाण्याचा नाहीच. प्र-सद्, म्हणजे गढूळ पाणी तळाशी गाळ बसून निवळतं ते निवळणं. ‘प्रसन्न’ हे त्याच धातूचं रूप, म्हणून पत्रिकेवर ‘श्री गणेश प्रसन्न’. साहित्यशास्त्रात प्रसादगुण म्हणजे वाचताक्षणी कळणारी स्वच्छ भाषा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात प्रसाद मिळाला की सगळी दुःखं सरतात असं म्हटलंय तिथे शिरा अभिप्रेत नाही, मन निवळणं अभिप्रेत आहे. निवळलेलं मन म्हणजे प्रसन्नता, प्रसन्न देवाची कृपा म्हणजे प्रसाद, आणि त्या कृपेची खूण म्हणून हातावर येतं तेही प्रसाद. हाच प्रसाद जुन्या मराठीत ‘पसाय’ झाला. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे १२९० सालची, तिच्या शेवटचं पसायदान म्हणजे प्रसादाचं दान, कृपेचं दान. शाळेत रोज म्हणणाऱ्या मुलांना पसाय म्हणजे काय विचारा, बहुतेकांना माहीत नसतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, इतका जवळचा शब्द आणि कोणी सांगतच नाही.

आरती म्हणजे आर्त हाक हे लोकांना फार आवडतं. ओवाळायची आरती आली ‘आरात्रिक’ शब्दावरून, मधे प्राकृत आरत्तिअ, म्हणजे मूर्तीपुढे ओवाळायचा दिवा. गाणं हा अर्थ त्यानंतर, दिवा ओवाळताना म्हणतात म्हणून. संतांच्या लेखनात आर्त, आर्ती येतं, उत्कंठा या अर्थाने, तो वेगळा शब्द. आणि गणपतीच्या आरतीत समर्थांनी ‘निर्वाणी रक्षावे’ म्हटलंय ना, त्या निर्वाणीकडे जरा बघा. निर्वाण म्हणजे दिवा विझणं, वा हा वाऱ्याचा धातू. बुद्धाच्या परंपरेत ते तृष्णेची आग विझणं, परम शांती. मराठीत येईपर्यंत ‘निर्वाणीची वेळ’ म्हणजे अगदी शेवटची, जीवावरची वेळ झाली आणि निर्वाणीचा इशारा आला. शेवट हा धागा राहिला, शांती गळून गेली.

असे घसरलेले शब्द बरेच आहेत. ‘असुर’ ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणासारख्या देवांचं मोठेपण सांगणारं विशेषण आहे, इराणमध्ये तोच शब्द ‘अहुर’ होऊन परमेश्वराचं नाव झाला आणि तिथे आपले देव, म्हणजे ‘दएव’, राक्षस ठरले. आपल्याकडे उलटं झालं, आणि असुरातल्या ‘अ’ला नकार समजून लोकांनी देवांसाठी ‘सुर’ असा नवा शब्दच पाडला. ‘पाखंडी’ आज शिवी आहे, पण अशोकाच्या लेखांत पासंड म्हणजे कुठलाही संप्रदाय, आणि बाराव्या शिलालेखात तो सगळ्या पासंडांचा मान राखतो असं सांगतो. अशोकाचे शिलालेख आपल्या जवळच सापडलेत, सोपाऱ्याला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. १८८२ मध्ये आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, १९५६ मध्ये नवव्याचा. हा नववा ‘मंगल’ या शब्दावरच आहे. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलं करतात, त्यांचं फळ थोडं, खरं मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणं, गुरूंचा आदर, प्राण्यांबाबत संयम, दान, असं राजा सांगतो. माझ्या पोटापाण्याच्या कामावरच हा आक्षेप आहे, तरी मी तो यजमानांना सांगतो, कारण मंगलकार्य म्हणताना मंगल कशाला म्हणायचं हा प्रश्न विचारायलाच हवा.

ठाण्यात राहून इथलं शिवाचं देऊळ, कौपिनेश्वर, सोडून कसं चालेल. नावातलं कौपीन म्हणजे लंगोटी, हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्यामागे कूप म्हणजे विहीर आहे हे माहीत नसतं. पाणिनीच्या एका सूत्रात शालीन आणि कौपीन हे दोन शब्द जोडीने येतात. शालेत, म्हणजे घरात राहणारा, बुजरा तो शालीन. आणि विहिरीत टाकून द्यावं, कोणाला दिसू नये असं वाईट कृत्य ते कौपीन. मग झाकून ठेवायचा अवयव, मग तो झाकणारं कापड, आणि ते एवढंच कापड अंगावर ठेवून सगळं सोडलेला संन्यासी. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या एका स्तोत्रात तर कौपीन नेसणारेच खरे भाग्यवान म्हटलंय. लाजेच्या शब्दाचा वैराग्याचा शब्द झाला आणि आपल्या गावात तो शिवाच्या नावात बसला.

आपल्या या भागात धार्मिक शब्द फक्त संस्कृतातून आलेले नाहीत. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे या गावांतल्या आगरी लग्नात धवलारीण, म्हणजे लग्नाची मंगलगीतं गाणारी बाई, धवले म्हणते, तिच्याशिवाय विधी पुढे सरकत नाहीत. धवल हा मंगलगीताचा प्रकार प्राकृतापासून आहे, आणि तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदंबेने रुक्मिणीच्या लग्नावर धवळे रचले. घणसोलीची धवलारीण आणि महदंबा एकाच परंपरेत उभ्या आहेत, हे ज्या दिवशी लोकांना कळेल तेव्हा त्या बाईंना मांडवात वेगळा मान मिळेल. १७३७ पर्यंत ठाण्यावर पोर्तुगीज होते, त्यांच्याकडून पाद्री म्हणजे ‘पिता’, आणि नाताळ म्हणजे ‘जन्माचा’ दिवस. ठाण्यात १८७९ सालचं बेने इस्राएल, म्हणजे इथल्या ज्यू, लोकांचं प्रार्थनास्थळ आहे, नाव शार हाशामाइम, स्वर्गाचं दार. हे लोक मराठी बोलणारे, आपल्या सिनेगॉगला जुनी माणसं मशीदच म्हणत, आणि मशीद म्हणजे अरबीत नुसतं माथा टेकायची जागा, त्यामुळे शब्द चुकलेला नाही. एलियाहू हन्नवी या प्रेषिताच्या नावाने ते मलिदा करतात, पोहे, ओलं खोबरं, गोड घालून. दर्ग्यातही मलिदा असतो. शब्द फारसी, अर्थ चोळून, कुस्करून केलेलं. त्या पवित्र शब्दाचं आज आपण काय केलंय ते पेपरात ‘मलिदा लाटला’ वाचताना दिसतंच.

घरी तपासायचं असेल तर मोल्सवर्थचा मराठी कोश, १८५७ची आवृत्ती, नेटवर शोधता येते, व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्ण्यांचा कोश बघा. आणि तुमच्या गुरुजींना आधीच फोन करून सांगा की संकल्प सावकाश म्हणा, मराठीत अर्थ सांगत चला, मुलं ऐकणार आहेत. बहुतेक गुरुजींना हे कोणी विचारलं तर आनंदच होतो. फक्त वेळ वाढतो, तेवढं धरून पंगतीची वेळ ठेवा आणि लहान मुलांना आधी काहीतरी खायला द्या.